भिंतीचा पदर

श्रुतिपेटीचा आवाज मधूनमधून तुटत होता म्हणून रविशंकरमामांनी गाता गाताच मला भुवईने खूण केली, प्लग दाब. आमच्या भजनमठातली विजेची सगळी कामं आता माझ्याकडे असतात. माइक, श्रुतिपेटी, एकादशीची दिव्यांची माळ, सगळं. मी बारावीत आहे आणि मला काहीही जमतं असं लोकांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर सहा महिन्यांपासून मलाही तसंच वाटत होतं. मी उठले, पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले, अंगठ्याने प्लग दाबला, आणि बोर्डच आत गेला. अख्खा बोर्ड, स्क्रूंसकट, दोन बोटं भिंतीच्या आत, पिकलेल्या फणसात अंगठा जावा तसा. मग त्याच्या खालच्या कडेने भुकटी वाहू लागली. बारीक, पिवळट, गार. बाहेर आमच्या तंजावरकडचा कार्तिकातला पाऊस ओसरीच्या पन्हळीतून धो धो पडत होता आणि ही भुकटी आवाजच करत नव्हती. मी ओंजळ धरली. का धरली माहीत नाही, खाली जमिनीवर पडू द्यायला हवी होती, पण या मठात वरून काही आलं की दोन्ही हात पुढे करायचे हे मला चालायला लागायच्या आधीपासून येतं. ओंजळ भरली, तरी थांबेना. माझ्या मागे तीस माणसं टाळ वाजवत होती, आणि माझ्या डोक्यावर दीड हातावर, त्याच भिंतीवर, खिळ्याला माझं चित्र टांगलेलं होतं. लॅमिनेट केलेलं, चार कोपऱ्यांना कुंकू लावलेलं, कदंबाची माळ घातलेलं. पश्चिम भिंत, संगणकाने काढलेली. वरपासून खालपर्यंत निळी.

निळी म्हणजे सुरक्षित. हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना समजावलंय की झोपेत सांगेन. जिथे वजन विटेला किंवा चुन्याला सोसवत नाही तिथे लाल येतं, सोसण्याच्या काठावर असेल तिथे पिवळं, आणि निवांत असेल तिथे निळं. श्रीदेवी टीचरनी वर्गासमोर मला हे बोलायला उभं केलं होतं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करूनच सुरुवात केली. दहावीपर्यंत मी अशी होते की पाणी प्यायला जायचं असलं तरी शेजारी बसणाऱ्या शरण्याला कोपराने ढोसायचे, तू विचार ना. आणि त्या दिवशी बोलता बोलता काय झालं कोण जाणे, मागच्या बाकावरची मुलंही गप्प झाली, आणि मला माझा आवाज ऐकू आला, खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीवर जाऊन परत आलेला. तो आवाज मला आवडला. त्यानंतर मी थांबलेच नाही. असेंब्लीत बोलले, जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिली आले, तंजावरच्या एका परीक्षकाने इंग्रजीत विचारलं तर मी इंग्रजीत उत्तर देऊन वर त्यालाच प्रश्न विचारला. अम्मा म्हणते, हल्ली ही मुलगी पायऱ्यासुद्धा मोठ्याने उतरते.

चार हजार दोनशे बारा विटा होत्या त्या मॉडेलमध्ये. फुकटचा प्रोग्रॅम, अप्पांचा जुना लॅपटॉप, तापू नये म्हणून खाली ओला टॉवेल. मी मठाची भिंत टेपने मोजली, ओळंबा सोडून तिचा फुगवटा मोजला, तो पलीकडच्या खोलीच्या बाजूला दोन इंच होता, आणि एकेक वीट मांडली. विटांच्या मधला चुना मात्र मांडता येत नाही. तो प्रोग्रॅममध्ये एका चौकटीत असतो, नुसता आकडा. विटेने विटेला किती घट्ट धरलंय तो आकडा. बाकी सगळं दिसतं, वीट दिसते, छत दिसतं, वारा बाणांनी दिसतो, पण भिंत ज्याच्या जोरावर उभी असते ते दिसत नाही, ते तुम्ही लिहायचं असतं. टीचर म्हणाल्या, हरिणी, आकडा पुस्तकातला नको, त्या भिंतीतलाच हवा, तिथल्या विटा आण, कॉलेजच्या लॅबमध्ये दाबून बघू. आणि मी तुकोजीकाकांना सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी काकड आरतीनंतर त्यांनी मला ते पुडकं दिलं.

ओंजळीतल्या भुकटीकडे बघताना मला ते पुडकंच आठवलं. तुकोजीकाका माझे सख्खे काका नव्हेत, अप्पांच्या चुलत्यांपैकी कुणीतरी, पण मठात राहतात म्हणून सगळ्यांचेच काका. पश्चिमेच्या भिंतीला पलीकडून टेकलेली एक खोली आहे, तिच्या छताच्या वाशांची एका बाजूची टोकं याच भिंतीत रोवलेली, तीत ते एकटे असतात, काकी गेल्यापासून. आयुष्यभर तिरुभुवनमला विणकर सोसायटीच्या दुकानात रेशमी साड्या दाखवायला बसले. त्यामुळे ते काहीही दिलं तरी घडी घालून देतात. पेपरचा कागदही काठ बाहेर येईल असा दुमडतात. त्या पुडक्यात तीन विटांचे तुकडे होते आणि विटांना चिकटलेला जोडाचा मसाला, आणि ते इतकं नेटकं बांधलेलं होतं की मी लॅबमध्ये उघडताना घडी मोडायला जीव होईना. मसाला राखी होता. राखी. टणक, नखाने न निघणारा. यंत्राने दाबला तेव्हा काटा चढतच गेला आणि मला इतका आनंद झाला की मी टीचरना मिठी मारली. आणि आता माझ्या हातात पिवळट पीठ होतं, आणि त्याला सिमेंटचा वास नव्हता, त्याला कसलाच वास नव्हता, फार वर्षं मिटून ठेवलेल्या पेटीला असतो तेवढाच.

तो राखी मसाला मी पाहिलेला होता. रोज पाहत होते. आडाच्या बाजूची न्हाणी, मी आठवीत असताना ट्रस्टने नवीन बांधलेली, तिचा एक कोपरा अर्धवटच राहिला, विटा उघड्या. मी तिथे पाय धुते. दर एकादशीला पाय धुताना माझा हात त्याच विटांवर टेकलेला असतो. चार हजार दोनशे बारा विटा मांडणाऱ्या मुलीने एकदाही विचारलं नाही की काका, कोठून काढल्यात. वडीलधाऱ्याने आरतीनंतर हातावर ठेवलेल्या वस्तूला कुठून आणलीत विचारायचं नसतं, डोळ्यांना लावायची असते. मी त्या विटा डोळ्यांना लावल्या होत्या. खरंच.

मंगल, म्हणजे शेवटचं पद, संपलं. मी बोर्ड ओढून जागेवर आणला, भुकटी ओढणीच्या टोकात बांधली, आणि रविशंकरमामा म्हणाले, "काय गो इंजिनियर, प्लग दाबायला येवढा वेळ?" सगळे हसले. मीही हसले. मला तेव्हाच म्हणता आलं असतं, तो नवा आवाज घशापर्यंत आलाही होता. पण मामांनी तीर्थाची पळी माझ्याकडे केली आणि मी हात पुढे केला, आणि त्या हाताच्या रेषांत ती भुकटी बसलेली होती, तीर्थ पडलं तसा तिचा चिखल झाला. तो मी प्यायले. न पिऊन चालत नाही.

मला वाटतं मी आधी काकांकडे गेले ते भिंतीच्या काळजीने नव्हे. मला राग आला होता. मला फसवलं, मला, असा. मागच्या उन्हाळ्यात प्रवीणअण्णा, म्हणजे काकांचा मुलगा, चेन्नईहून आला होता तेव्हा त्याने फुगवट्यावर हात फिरवून म्हटलं होतं, अप्पा, ही भिंत राहायची नाही, खोली सोडा, माझ्याकडे चला. ट्रस्टही म्हणत होता, भिंत वाईट असेल तर उतरवू, खोली जाईल, काका मुलाकडे जातील, गोष्ट मिटली. आणि मग माझं निळं चित्र आलं. मी स्वतः अण्णाला व्हिडिओ कॉलवर समजावलं, पंधरा मिनिटं, वाऱ्याच्या बाणांसकट. तो शेवटी म्हणाला, सरी, ठीक आहे, तू सांगतेस तर. काकांनी त्या दिवशी मठात सगळ्यांना साखर वाटली. मला वाटलं होतं माझ्या यशाची.

ते खाटेवर बसून डबऱ्याच्या वाटीतून टंबलरमध्ये कॉफी वरखाली करत होते. खाट भिंतीला लागून, डोकं भिंतीकडे.

"काका, त्या विटा कोठल्या?"

"न्हाणीच्या," ते म्हणाले. एवढंच. कॉफीची धार तुटली नाही.

मी इतकं भांडण मनात रचून आणलं होतं, त्याचं काय करायचं मला कळेना. "मला सांगितलं नाहीत."

"तूं विचारलें नाहीस गो. दोन्ही हातांनी घेतलीस आणि पळालीस."

"मी त्यावर बक्षीस घेतलंय काका."

"चांगलें जाहलें की. बैस. अर्धी कॉफी घे."

मग ते बोलले. काका एरवी फार बोलत नाहीत, गातात. म्हणाले, साडी दाखवताना आधी पदर उघडायचा, हातावर टाकायचा, उजेडात. आतलं टोक, कमरेला खोचायचं, त्याच्यात गाठी असतात, सुताचे तुकडे असतात, तें कोणी उघडीत नाही. लबाडी नव्हे ती. नेसल्यावर तें टोक कोणास दिसतें? "चाळीस वर्षें तेंच केलें. तुज भिंतीचा पदर दाखविला, झालें." आणि हसले. वरचे दोन दात नाहीत, त्यामुळे त्यांचं हसू लहान मुलासारखं दिसतं आणि राग धरता येत नाही, हे मला त्या क्षणी फार अन्यायाचं वाटलं.

मी ओढणीची गाठ सोडून भुकटी त्यांच्यापुढे केली. त्यांनी खाटेखालून पेपरची एक पुडी काढली. मग दुसरी. अशा सात-आठ. सगळ्या काठ बाहेर काढून घडी घातलेल्या. उघडल्या तर तीच भुकटी. "रोज सकाळीं झाडतों. उशीवर असते. श्रावणापासून अधिक."

मी जितके महिने मॉडेल केलं तितके महिने, जितक्या ठिकाणी मी ते निळं चित्र हातात धरून हसत उभी होते तितके दिवस, हा म्हातारा सकाळी उठून उशीवरून भिंत झाडत होता. मी दप्तरातून लॅपटॉप काढला. मला दुसरं काय करता येतं. विटा मोठ्या करून घाईचं मॉडेल लावलं, दहा मिनिटांचं, आणि चुन्याच्या चौकटीत पुस्तकातला अगदी वाईट भिंतीचा आकडा घातला. पट्टी थोडी सरकली, थांबली, आणि ओळ आली, उत्तर सापडलं नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे भिंत उभी कशी राहते ते त्याला कळत नाही."

"मज तरी कोठें कळतें?" काका म्हणाले.

मी ती भुकटी बोटांत चोळली. हिचा आकडा काय? हिने कोणती वीट धरलीय? मी चौकटीत शून्य लिहिलं. प्रोग्रॅमने ते घेतलंच नाही. शून्याहून मोठी संख्या द्या. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. काका चष्मा वर करून बघत होते, मी अर्थ सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, जशी चांगल्या तानेला डोलावतात. "पाहा, त्यासही शून्य मान्य नाही."

"काका, मी अण्णाला सांगणार."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी टंबलर खाली ठेवला. चेन्नईला ते चाळीस दिवस राहून आले होते, काकी गेल्यावर. नववा मजला. सून चांगली, वेगळी खोली, खिडकीतून समुद्राची एक रेघ. अण्णा सकाळी आठला जायचा, नातवंडं तमिळ आणि इंग्रजी बोलायची. "घरांत आपली मराठी भाषा बोलायास कोणी नाहीं. प्रवीणही नाहीं. लिफ्टमध्यें एक बाई बोलत असे, कितव्या मजल्यावर आलें तें सांगणारी. तिजशीं बोलूं लागलों तेव्हां समजलें, पोदुम्, पुरे. येथें निदान चार माणसें माझे चुकलेले सूर ओळखतात." मग म्हणाले, "कोसळली तर मी एकटाच गो. हॉल तर पलीकडे. ती इकडेच येणार ना? फुगवटा इकडे आहे."

त्यांनी तेही बघून ठेवलं होतं. मी होय म्हणाले. बरोबर होतं म्हणून होय म्हणाले, जसं टीचर विचारतात आणि आपण बरोबर उत्तर देतो, आणि म्हटल्यावर ऐकू आलं की मी काय म्हणाले.

मी सांगायचं ठरवलं. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे मला कुणी विचारलं तर मला आठवायला हवं. घरी जाताना पावसात मी माझी वाक्यं पाठ केली, वादविवाद स्पर्धेला करते तशी. सकाळी सातला फोन केला. प्रवीणअण्णाने ऐकून घेतलं, सगळं, मध्ये न बोलता, आणि मग इतक्या मायेने बोलला की मला पुढचं कळायच्या आधीच रडू आलं. म्हणाला, "कण्णा, बाळ, आमच्या अप्पांनी काल फोन केला होता. म्हणाले, हरिणीला राज्याच्या स्पर्धेची धास्ती बसलीय, आपलंच चित्र चुकीचं आहे म्हणत फिरतेय, तुला फोन करील, रागावू नको. परीक्षेच्या आधी मलाही असंच व्हायचं. नीट झोप. सकाळी काहीतरी खा." मी म्हटलं, अण्णा, माझ्याकडे भुकटी आहे. तो म्हणाला, "जुनी भिंत आहे, भुकटी येणारच. तूच मला सांगितलं होतंस ना?" सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर, आठव्या की नवव्या मिनिटाला, त्याने विचारलं होतं तेव्हा. कुठून आणलं होतं मी ते वाक्य, इतकं ठाम?

घरात माझे अप्पा दाढी करत होते. म्हणाले, "तेव्हाचं चूक होतं तर आताचं बरोबर कशावरून?" उपरोध नव्हता, खरंच विचारत होते. मठाचा कारभार बघणाऱ्या रविशंकरमामांना मी हात धरून मठात नेलं. बोर्ड दाबा म्हटलं. त्यांनी दाबला. हलला नाही. भोवती पांढऱ्या सिमेंटचा ताजा काठ होता, नीट, घडी घातल्यासारखा. मामांनी बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकून बघितलं, आणि वरचा गिलावा सिमेंटचा, माझ्या जन्मावेळी कुणा भक्ताने करून दिलेला, तो टणटणीत वाजला. "अशी वाजते बघ. ए गो, पहिल्या चित्राला बक्षीस मिळालें, आतां दुसरें कशास काढतेस?" मी लॅपटॉप उघडून पिवळ्या-लाल रंगांचं एक मॉडेल दाखवलं, जेमतेम टिकणारं, आदल्या रात्री चुन्याचा आकडा किंचित वाढवून घाईने केलेलं. मागे फुलं ओवत बसलेल्या जयश्रीमामींनी मान लांब करून पाहिलं आणि म्हणाल्या, अय्यो, हळदकुंकू वाहिल्यासारखी दिसते आहे भिंत, ही निळीपेक्षा छान, हीच लावा. आणि मामा म्हणाले, खरेंच की. तईच्या महिन्यात उत्सव होऊन जाऊ दे, मग कोणा मोठ्या इंजिनियरला आणू. तई, म्हणजे पोंगलचा महिना, यायला दीड महिना होता. पाऊस अजून पंधरा दिवसांचा तरी.

मी ओरडले असते तर? मी हे रोज विचारते. मला ओरडता येतं आता. भिंतीवर जाऊन परत येणारा आवाज आहे माझ्याकडे. पण तो आवाज मला ज्या चित्राने दिला ते चित्र तिथे टांगलेलं आहे आणि मी त्याच्याविरुद्ध बोलले की लोक त्याच्याकडे बघतात आणि माझ्याकडे बघतात आणि त्यांना ते जास्त खरं वाटतं. ते घाबरलेलं दिसत नाही. टीचरना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी पत्र लिहिते. त्यांनी लिहिलं. मामांनी ते पत्र मला आनंदाने दाखवलं, बघ, शाळेतूनही चौकशी येते आपल्या मठाची.

मग मी काकांकडे जायला लागले. शाळा सुटली की सरळ. काय करायला, ठाऊक नाही. एक दिवस म्हटलं, निदान खाट फिरवू, डोकं दाराकडे करू. ते म्हणाले, दक्षिणेस पाय येतील उलट, बरेंच होईल, यमास लांब यायला नको. मग माझा चेहरा बघून खाट फिरवू दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीशी होती. भिंत गार लागते पाठीला, म्हणाले, सवय आहे. पुड्या आता बारा झाल्यात. मी मोजत नव्हते, त्या नुसत्या दिसतात.

लहानपणापासून माझी जागा त्या खोलीत ठरलेली होती. खाटेच्या उशालगत, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. तिथेच बसून मी बाराखडी गिरवली, तिथेच मॉडेलच्या विटा मांडल्या, पाठीमागे खरी भिंत आणि मांडीवर खोटी. काल गेले तर तिथे त्यांनी पाण्याची घागर ठेवली होती. आणि दाराच्या उंबऱ्याला लागून, अर्धी ओसरीत, अर्धी खोलीत, मठातली एक पत्र्याची खुर्ची. मी घागर उचलायला गेले तर म्हणाले, "असूं दे. तूं तेथें बैस. दाराशीं उजेड चांगला."

मी बसले. ते एक पद सांगत होते, मी म्हणत होते. नेहमीसारखं मोठ्याने सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली आला, अगदी कुजबुजण्याइतका. आवाजाचं वजन माझ्या कुठल्याच चौकटीत नव्हतं. काकांनी हात कानामागे नेला आणि थोडं पुढे झुकून ऐकू लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग त्यांनी पायाने खुर्चीचा पाय हळूच ढकलला, मला आणखी थोडं बाहेर.